भिंगरीला थांबायला शिकवताना

घरी बॉर्डर कॉली जातीची कुत्री आहे असं सांगितलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, "अरे वा, सगळ्यात हुशार जात!" या वाक्याचं मूळ बहुधा स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाच्या यादीत आहे. १९९४ साली त्यांनी आज्ञापालनाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणाऱ्यांची मतं घेऊन जातींची क्रमवारी लावली आणि त्यात बॉर्डर कॉली पहिली आली. नवी आज्ञा पाचपेक्षाही कमी वेळा सांगून समजते आणि समजलेली आज्ञा शंभरातल्या पंच्याण्णव वेळा पहिल्याच हाकेला पाळली जाते, असा वरच्या गटाचा निकष होता. पण खुद्द कोरेन यांनी बुद्धीचे तीन प्रकार मानले होते: जातीत मुरलेली उपजत बुद्धी, अनुभवातून स्वतः वाट काढण्याची बुद्धी आणि माणसाचं ऐकून शिकण्याची बुद्धी. यादी आहे ती फक्त तिसऱ्या प्रकाराची. आमच्या घरात जी काही धमाल, दमणूक आणि डोकेदुखी झाली तिच्यामागे पहिले दोन प्रकार होते, आणि त्यांची यादी कुणी फॉरवर्ड करत नाही.

भिंगरीचे आईबाप दोघंही रोज मेंढ्यांवर काम करणारे. कॉलींमध्ये दोन घराणी असतात, प्रदर्शनातली आणि कामातली, हे मला पिल्लू शोधताना कळलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या फक्त कामावरून निवडली. १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅडम टेलफर यांच्याकडे 'ओल्ड हेंप' नावाचा कुत्रा जन्मला. तो भुंकून किंवा चावून मेंढ्या हाकत नसे, नुसत्या नजरेच्या दबावाने वळवत असे. त्याची पिल्लं सगळ्यांना हवी झाली आणि आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉलींची वंशावळ मागे त्याच्यापर्यंत जाते. १९०६ साली मेंढपाळांची इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. तिथेही कुत्रं दिसतं कसं याला किंमत नव्हती. कान उभे असोत की पडलेले, केस आखूड असोत की लांब, कुत्रं काम करतं ना, एवढंच बघायचं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता थेट १९७६ मध्ये आली आणि अमेरिकेतली पूर्ण मान्यता १९९५ मध्ये. तेव्हापासून दाट केसांची, एकसारखी दिसणारी आणि तुलनेने निवांत अशी शाखा वेगळी होत गेली. आम्ही आणली ती कामातल्या शाखेतली.

ज्यांच्याकडून आणली ते काका मेंढ्या राखतात. पिल्लू देण्याआधी त्यांनी आमचीच उलटतपासणी घेतली. घरात मुलं किती, पळापळ किती, दिवसभर घरी कोण असतं, कुंपण आहे का. मग म्हणाले, "ताई, हिला दमवायच्या मागे लागू नका. हिचा बाप दिवसभर डोंगर चढतो-उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा तयार असतो. तुम्हीच दमाल." मी हसले. नवऱ्याने ते वाक्य लक्षात ठेवलं आणि पुढे बरोबर वेळेला काढलं.

पहिले काही महिने ती साधं पिल्लूच होती. चपला कुरतडायची, झोपायची, पुन्हा कुरतडायची. फरक होता तो बघण्यात. मी चष्मा काढला की लॅपटॉप मिटणार आणि लॅपटॉप मिटला की फिरायला जाणार, ही साखळी तिने कुणी न शिकवता जोडली. मग चष्मा पुसायला काढला तरी ती दाराशी हजर. सासरे खुर्चीतून उठण्याआधी थोडे पुढे झुकतात, तेवढ्यावर ती उभी राहायची. "माझ्या मनातलं माझ्याआधी ओळखते ही," बाबा कौतुकाने सांगायचे. मनातलं कुठलं, खांद्यातलं ओळखायची. हालचालीचा सगळ्यात पहिला धागा पकडायचा आणि पुढे काय होणार त्याची तयारी करायची, हेच तर या कुत्र्यांचं काम.

आणि मग एका दुपारी मुलं अंगणात पळत असताना तिने अचानक खेळणं सोडलं. सरळ त्यांच्याकडे न धावता कुंपणालगत मोठं वळण घेऊन ती पलीकडे गेली. मान खांद्याच्या खाली, शेपूट मागच्या पायांत, एक पंजा अर्धवट उचललेला आणि नजर धाकट्यावर खिळलेली. तो थांबला, तीही थांबली. तो डावीकडे सरकला, तीही तेवढीच सरकली. तिने तोवर आयुष्यात मेंढी वळलेली नव्हती. थोरली म्हणाली, "आई, ही आपल्याला हाकतेय!"

हे कुठून येतं ते मी नंतर वाचलं. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने कामाच्या कुत्र्यांवर बराच अभ्यास केला आहे. शिकारी प्राण्याची क्रिया एका क्रमाने होते, अशी त्यांची मांडणी: हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड, मारक चावा, फाडणं, खाणं. कॉलीमध्ये माणसाने निवड करत करत या क्रमातला नजर-दबा-पाठलाग हा भाग वाढवला आणि पुढचा चावण्याचा भाग दाबून टाकला. गुरं हाकणाऱ्या कॉर्गी किंवा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगमध्ये टाचेला चिमटा काढण्याइतका चावा शिल्लक ठेवला, कारण बैल नुसत्या नजरेला भीक घालत नाही. कळपाची राखण करणाऱ्या दांडग्या कुत्र्यांमध्ये मात्र ही साखळी इतकी थंड असते की ती मेंढ्यांमध्ये मेंढीसारखीच पडून राहतात. म्हणजे आमची भिंगरी मुलांशी जे करत होती ते अर्ध्यावर थांबवलेल्या शिकारीचं काम होतं. पाहुणे ते बघून "किती गोड!" म्हणायचे आणि मोबाइल काढायचे. मला ते वाचल्यानंतर गोड वाटणं कमी झालं. कौतुक मात्र वाढलं.

एकदा भाचरं आलेली असताना तिने सगळ्या मुलांना भिंतीच्या कोपऱ्यात गोळा केलं आणि स्वतः समोर बसून राहिली. मोठी माणसं हसत होती. त्यातला एक भाचा कोंडाळ्यातून सुटून पळाला, तशी तिने झेप घेऊन त्याच्या टाचेला चिमटा काढला. रक्त आलं नाही, पण पोरगं घाबरून रडलं. दाबलेला चावा दाबलेला असतो, गेलेला नसतो. पाहुण्यांची मुलं पळत असताना भिंगरी मोकळी राहणार नाही, हा नियम त्या दिवसापासून आजतागायत आहे. आमच्या मुलांना एक युक्ती शिकवली: ती मागे लागली की झाड व्हायचं. थांबायचं, हात पोटाशी घ्यायचे, तिच्याकडे बघायचं नाही, ओरडायचं नाही. हालचाल संपली की तिला ओढणारी गोष्टच संपते. मुलांना झाड होण्यात इतकी मजा वाटायला लागली की भिंगरीचीच पंचाईत झाली.

मुलांपेक्षा मोठी काळजी सायकली आणि मोटारींची. कॉलीला गाडीचं चाक हे कळपातून फुटलेल्या जनावरासारखं वाटत असावं, आणि चाकाला वळवायला गेलेलं कुत्रं परत येतंच असं नाही. इथे आम्ही काटेकोर राहिलो. रस्त्यावर पट्टा सुटणार नाही, मोकळ्या मैदानातही लांब दोरी. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला राहून मी एक गोष्ट शिकले. सायकल दिसल्यावर आधी तिचं धापणारं तोंड मिटतं. मग कान पुढे येतात, मग मान खाली जाते, आणि मग नजर खिळते. नजर खिळल्यावर हाका मारून उपयोग नाही. मुद्दाम ऐकत नाही असं नव्हे, तेव्हा तिला खरंच ऐकू येत नसावं असं वाटतं. म्हणून हाक मारायची ती तोंड मिटतं त्या क्षणी. तेव्हा ती वळून बघते, आणि वळून बघितल्याचा खाऊ मिळतो. सायकल जितकी दूर तितकं हे सोपं, म्हणून आम्ही मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून महिनोन्‌महिने हळूहळू जवळ येत गेलो.

याच काळात ओळखीचा प्रत्येक माणूस एकच सल्ला देत होता: "तिची शक्ती खर्च होत नाही, पळवा तिला." चेंडू फेकायचं एक साधन मिळतं, लांब दांड्याचं, त्याने चेंडू बराच दूर जातो. ते आलं. ती पळायची, आणायची, पळायची, आणायची. संध्याकाळी घरी आल्यावर झोपण्याऐवजी सोफ्याखाली गेलेल्या चेंडूकडे टक लावून बसायची. चेंडू तिथे नसला तरी सोफ्याकडे. आठवड्यागणिक तिचा दम वाढत गेला आणि शांतपणा तसूभरही नाही. तेव्हा नवऱ्याने काकांचं वाक्य काढलं. चेंडू कपाटात गेला. त्याच सुमारास घड्याळाच्या काचेचा कवडसा भिंतीवर पडला की ती त्याच्या मागे लागते हेही दिसलं. डॉक्टरांनी लगेच बजावलं: टॉर्च, लेझर, सावल्या यांचे खेळ गमतीतसुद्धा नकोत. या जातीत उजेडाच्या आणि सावलीच्या मागे लागायचं वेड लागू शकतं आणि एकदा लागलं की सुटता सुटत नाही.

मग आम्हाला एक प्रशिक्षक बाई भेटल्या. त्यांनी स्वतः कामाची कुत्री वाढवली होती. पहिल्या भेटीत त्यांनी भिंगरीला काही म्हणजे काही शिकवलं नाही. आमच्याकडे चहा घेत गप्पा मारत राहिल्या. भिंगरीने त्यांच्यासमोर तिला येतं ते सगळं करून दाखवलं: बसली, पंजा दिला, लोळली, चप्पल आणून दिली. बाईंनी बघितलंसुद्धा नाही. शेवटी ती कंटाळून जमिनीवर आडवी झाली, एक कुल्ला बाजूला टाकला आणि नाकातून मोठा सुस्कारा सोडला. बाईंनी न बोलता तिच्या पंजांमध्ये खाऊचा एक तुकडा ठेवला. भिंगरीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी विसरणार नाही. मी केलं काय?

पुढचे कितीतरी आठवडे तेच. एक छोटी चटई. चटईवर आली की काही नाही. बसली की काही नाही. टवकारून आडवी झाली तरी काही नाही, कारण कॉली आडवी होते ती बरेचदा झेप घ्यायच्या तयारीत. कुल्ला बाजूला पडला, हनुवटी टेकली, श्वास सैलावला, की तुकडा हळूच पंजांत. चुटकी नाही, "शाब्बास" नाही, नजरसुद्धा नाही, कारण यातल्या कशानेही ती पुन्हा खडबडून उठते. सासूबाईंना आधी हे पटेना. "अगं, झोपायला कुणी शिकवतं का?" पण पुढे त्याच सगळ्यात तरबेज झाल्या, कारण घरात सगळ्यात संथ हालचाल त्यांची. त्या जपमाळ घेऊन बसल्या की भिंगरी चटईवर येऊन पडायची.

बाईंचं म्हणणं असं की कामाचं कुत्रं मेंढपाळाच्या घरी दिवसातला बराच वेळ काहीच करत नाही. काम येतं तेव्हा जिवाच्या आकांताने करतं आणि उरलेला वेळ बांधलेलं किंवा आडवं. 'याला सतत काहीतरी हवं' हा समज हौशी लोकांनी करून घेतलेला. मला हे शंभर टक्के पटतं. या कुत्र्यांना कामाची भूक आहेच, पण आपण त्यांना दिवसभर भुकेलं ठेवतो आणि वर त्याला हुशारी म्हणतो.

मुलांना मात्र तिच्या हुशारीचा पुरावा हवा होता. त्यांनी कुठेतरी रिको आणि चेझर यांच्याबद्दल ऐकलं होतं. रिको हा जर्मनीतला बॉर्डर कॉली. त्याला दोनशेहून जास्त वस्तूंची नावं येत होती, आणि ओळखीच्या खेळण्यांमध्ये एक नवी वस्तू ठेवून अनोळखी नाव घेतलं तर 'हे नाव बाकीच्यांपैकी कुणाचं नाही, म्हणजे या नव्याचं असणार' असं तो ताडायचा. युलियाने कामिन्स्की या संशोधिकेचा आणि तिच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. चेझर ही अमेरिकेतली कॉली. निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. त्यासाठी ते रोज चार-पाच तास तिच्याबरोबर काम करत. या शेवटच्या वाक्यावर मी मुलांचं लक्ष वेधलं, त्यांनी दिलं नाही.

त्यांनी खेळण्यांची बारशी केली. पहिल्या दिवसांत निकाल थक्क करणारे होते. "गोगलगाय आण" म्हटलं की गोगलगाय, "दोरी" म्हटलं की दोरी. मग थोरलीने वाचलं की रिकोची परीक्षा घेताना खेळणी दुसऱ्या खोलीत ठेवायचे, म्हणजे माणसाच्या नजरेवरून कुत्र्याला उत्तर कळत नाही. तिने तसं केलं आणि भिंगरी साफ आपटली. दोरी मागितली तर बदक. गोगलगाय मागितली तर बाबांची टोपी. म्हणजे इतके दिवस ती नावं ऐकतच नव्हती, आमचे डोळे वाचत होती. मुलं खट्टू झाली, पण मला वाटतं या प्रयोगात तिची खरी हुशारी उघडी पडली. वस्तूचं नाव लक्षात ठेवणं हे तिच्या पूर्वजांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. समोरच्याची नजर कुठे आहे हे हेरणं, हाच त्यांचा धंदा. बुडापेस्टमध्ये झालेल्या अभ्यासांतही दिसलं आहे की बहुतेक कुत्र्यांना महिनोन्‌महिने शिकवूनही खेळण्यांची नावं येत नाहीत, थोड्यांनाच ती देणगी असते. भिंगरी त्या थोड्यांत नाही. कालांतराने दुसऱ्या खोलीतून दोरी आणि बदक बिनचूक आणायला लागली, बाकी आनंद.

ती वर्षाची झाली तेव्हा काकांनी बोलावलं. त्याआधी नको, म्हणाले होते. पिल्लू मेंढीपेक्षा वेगाने पळू शकलं पाहिजे आणि मेंढीने अंगावर येऊन धडक दिली तर मोडून पडायला नको. गोल कुंपणाच्या वाड्यात कुत्र्यांना सरावलेल्या मोजक्या मेंढ्या होत्या. भिंगरीच्या पट्ट्याला लांब दोरी, ती जमिनीवर मोकळी घसटत राहणारी. काका म्हणाले, "ताई, काही करू नका. मेंढ्यांच्या अलीकडे उभ्या राहा आणि नुसतं मागे मागे चाला."

पहिली फेरी म्हणजे निव्वळ हुल्लड. मेंढ्या एकीकडे, भिंगरी त्यांच्या मधोमध, शेपूट वर. काका शांत. "शेपूट वर आहे ना, अजून खेळ चाललाय." थोड्या वेळाने ती शेपूट खाली आली आणि कुत्रीच बदलली. ती वळण घेऊन मेंढ्यांच्या पलीकडे गेली आणि बरोबर माझ्या समोर, मेंढ्या मध्ये ठेवून थांबली. मी मागे सरकले, मेंढ्या माझ्याकडे आल्या. मी उजवीकडे वळले, ती पलीकडून सरकून पुन्हा माझ्या समोर. मी चालत राहिले आणि मेंढ्या माझ्या गुडघ्यांशी घोटाळत मागे येत राहिल्या. कुणी काही बोललं नव्हतं.

प्रत्येक मेंढीभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं, काका समजावत होते. कुत्रं त्याच्या आत आलं की ती हलते, बाहेर राहिलं की चरते. कुत्रं मेंढीच्या खांद्यामागून दाब देईल तर ती पुढे जाते, खांद्यापुढून देईल तर वळते. चांगलं कुत्रं त्या वर्तुळाच्या काठावर चालतं, अर्धं पाऊल आत, अर्धं बाहेर. काही संशोधकांनी मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून हे मोजलं, तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की कुत्र्याचं एवढं गुंतागुंतीचं काम दोन नियमांत बसवता येतं. कळप विखुरलेला असेल तर सगळ्यात लांब गेलेल्याला आत आण. कळप एकत्र असेल तर मागून पुढे ढकल. बस. संगणकात तयार केलेलं कुत्रं एवढ्यावर शंभराहून जास्त मेंढ्या नेऊ शकलं.

हे ऐकताना मला भाचा आठवला. कोंडाळ्यातून सुटून सगळ्यात लांब गेलेला तो एकटाच होता. तिच्या हिशोबाने तिने दुसरं काय करायचं होतं?

काकांचा म्हातारा कुत्रा त्या वेळी वाड्याबाहेर आमच्याकडे पाठ करून पडला होता. नंतर काकांनी त्याला टेकाडापलीकडच्या कळपावर सोडलं. एक शीळ, आणि तो मोठा फेर घेत दिसेनासा झाला. पलीकडे मेंढ्या कुठे आहेत, किती विखुरल्यात, वाटेत काय आहे, काकांना इथून काहीच दिसत नव्हतं. "आता तो जाणे," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. माझ्या दृष्टीने त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. नुसतं आज्ञाधारक कुत्रं टेकाडापलीकडे कुचकामी. तिथे त्याला स्वतः ठरवायचं असतं, आणि टेकाडावर परत दिसला की पुन्हा शिळेला बांधील व्हायचं असतं. मेंढ्या वळण्याच्या स्पर्धा ब्रिटनमध्ये पहिल्यांदा १८७३ साली वेल्समधल्या बाला इथे झाल्या, जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाच्या ट्वीड या कुत्र्याने त्या जिंकल्या. आजही अशा स्पर्धेची सुरुवात कुत्र्याने मालकापासून दूर जाऊन कळपाच्या मागे पोचण्याने होते. आणि हेच स्वतः ठरवणं आमच्या घरी दिसतं तेव्हा आम्ही त्याला हट्ट म्हणतो. सासूबाई एकट्या फाटकाकडे निघाल्या की भिंगरी त्यांना आडवी येते. तिच्या मते कळप फुटतोय.

शिळेचं कारणही काकांनी सांगितलं. लांबवर आवाज फाटतो, शीळ जाते, हे एक. दुसरं म्हणजे माणूस चिडला की आवाजात चिडणं उतरतं आणि कुत्रं बिथरतं. शिळेला राग येत नाही.

शेवटची आज्ञा सगळ्यात अवघड. इंग्रजी मेंढपाळ "दॅट'ल डू" म्हणतात, काका "पुरे" म्हणतात. ती ऐकली की कुत्र्याने मेंढ्यांकडे पाठ फिरवून मालकाकडे यायचं. भिंगरीने पहिल्यांदा "पुरे" ऐकलं आणि पोट जमिनीला चिकटवून ती मेंढ्यांकडे बघत राहिली. दोरी हळूहळू गोळा करत तिच्याजवळ जावं लागलं. काकांनी तिला बाहेर नेलं नाही. मोजून काही श्वास थांबवलं आणि पुन्हा मेंढ्यांवर सोडलं. मग पुन्हा "पुरे", पुन्हा सोडणं. थांबणं म्हणजे काम हिरावून घेणं नव्हे, थांबल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही, हे तिला तिथे समजलं असावं. त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये "पुरे" म्हटलं की ती वळायची, नाराजीने, पण वळायची. घरी आल्यावर तोच शब्द आम्ही सायकलीपाशी, मुलांच्या खेळात, फाटकाशी वापरायला लागलो. चटई आणि हा शब्द, या दोन गोष्टींनी घरात राहणं सुसह्य झालं.

कामाची म्हणून तिला काकांनी काही फार गुण दिले नाहीत. "नजर जरा जास्तच आहे हिची," म्हणाले. "चिकटते. मोठ्या कळपावर ठेवली तर ही आणि मेंढी संध्याकाळपर्यंत एकमेकींकडे बघत बसतील." आम्ही अधूनमधून तिला तिथे नेतो. मेंढ्या वळल्याने तिची वळायची हौस फिटत नाही आणि घरी मुलांवर वाढतही नाही. परत येताना ती गाडीत गाढ झोपते, एवढं खरं.

औषधांचं एक सांगून ठेवते, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एमडीआर१ नावाच्या जनुकात बिघाड असू शकतो. मग आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक मोठ्या मात्रेत मेंदूत शिरतं आणि कुत्रं दगावूही शकतं. लांब केसांच्या रफ कॉलीमध्ये हा बिघाड खूप आढळतो, बॉर्डर कॉलीत पुष्कळ कमी, पण असतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तपासणी होते. मेंढ्यांना नुकतंच औषध दिलेलं असेल तर वाड्यातल्या लेंड्या कुत्र्याने खाऊ नयेत, हेही त्यातच आलं.

हल्ली ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी विचारतं, आम्हीही आणू का? मी पिल्लू आणा असं सांगत नाही. मी सांगते, कामातून नापास झालेलं मोठं कुत्रं शोधा. मेंढपाळांकडे अशी कुत्री असतात, ज्यांना नजर नाही, किंवा मेंढीने पाय आपटला की जी मागे फिरतात. त्यांच्यासाठी ती बिनकामाची, घरासाठी उत्तम. स्वभाव तयार झालेला असतो, तो डोळ्यांनी बघता येतो. बघायला जाल तेव्हा तुमच्यातल्या कुणालातरी त्याच्यासमोरून पळायला लावा आणि त्याचं तोंड मिटतं का बघा.

माझ्या एका मैत्रिणीने असाच एक नापास आणला आहे. त्याला मेंढ्यांची भीती वाटते, सायकलींशी देणंघेणं नाही, मुलांनी अंगावर लोळलं तरी चालतं. तो आमच्याकडे येतो तेव्हा भिंगरी त्याला अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन उभं करते आणि समोर बसते. आम्ही "पुरे" म्हणतो. ती वळून येते. तो बिचारा तिथेच उभा राहतो, मग त्याला आणायला जावं लागतं.